गिटार ऐकू आली तेव्हा

‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही एचएमव्हीची एल.पी. १९६७ साली निघाली. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि साथीला माणिकराव पोपटकरांचा तबला. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांमधून उलगडत न्यायचा, अशी त्यामागची कल्पना. पहिल्या बाजूला अहिर भैरव आणि त्यालाच जोडून नटभैरव, मग पिलू. दुसऱ्या बाजूला भूप, देस आणि पहाडी. सगळं मिळून जेमतेम चाळीस मिनिटं. तेव्हा वाजवणारे तिघंही तिशीच्या उंबरठ्यावर होते. आज त्यांची नावं घेताना आपण मान खाली घालतो, पण ही रेकॉर्ड तरुण मुलांनी केलेली आहे हे ऐकताना लक्षात ठेवावं, असं मला फार वाटतं.

माझ्याकडे ती कॅसेट होऊन आली. मी अकरावीत होते तेव्हा मुंबईचा मामा गणपतीत आला आणि जाताना ताईच्या आणि माझ्या हातात ठेवून गेला. शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात दोन खोल्या होत्या. त्यातल्या मागच्या खोलीत खिडकीत टू-इन-वन ठेवलेला असायचा. तोवर घरात नाट्यसंगीत, भावगीतं आणि विविधभारती. शब्द नसलेलं संगीत एवढा वेळ ऐकायचं असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी ती कॅसेट आम्ही पुन्हा पुन्हा लावली. आईने शेवटी विचारलं, “अगं, यात गाणं कधी सुरू होतं?” पण तिलाही ती आवडायला लागली. संध्याकाळी ती भाजी निवडायला बसली की स्वतःच म्हणायची, “लावा ते तुमचं मेंढपाळाचं.”

त्या वयात मला फक्त बासरी ऐकू यायची. संतूर म्हणजे बासरी सुरू होण्याआधीचा आणि थांबल्यानंतरचा काहीतरी झुळझुळता आवाज. आणि गिटार तर मी ऐकलीच नव्हती म्हटलं तरी चालेल. हे आत्ता सांगतेय, कारण पुढचं सगळं त्याच्याशीच जोडलेलं आहे.

त्या कॅसेटमुळे आम्ही कर्वे रोडवरच्या अलूरकर म्युझिक हाऊसमध्ये जायला लागलो, सवाई गंधर्वला रात्रभर बसायला लागलो. रेणुकास्वरूप शाळेच्या मैदानावर शाली घेऊन, थर्मास घेऊन, पहाटेपर्यंत. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मृतीसाठी १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव त्या काळी खरोखर पहाट करायचा. पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळत.

मग बँकेत नोकरी लागली, लग्न झालं, कोथरूडला घर झालं, मुलगा झाला. संगीत सुटलं. त्याला काही कारण घडलं असं नाही. कॅसेटी जाऊन सीडी आल्या, सीडी जाऊन फोन आला, आणि फोनवर जगातलं सगळं संगीत आल्यावर मी ऐकणं बंद केलं. म्हणजे कानाला काहीतरी लावलेलं असायचंच. बँकेतून येताना, पोळ्या करताना, इस्त्री करताना. पण संपलं काय आणि चालू काय आहे, हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

१० मे २०२२ ला शिवकुमार शर्मा गेले. संध्याकाळी टीव्हीवर बातमी होती. मी आतल्या खोलीत जाऊन अहिर भैरवची सुरुवात गुणगुणायचा प्रयत्न केला आणि मला ती आठवली नाही. वेगळंच काहीतरी तोंडात येत होतं. जी गोष्ट मला झोपेतून उठवून विचारली तरी म्हणता आली असती, ती गेली होती. मला त्या रात्री अतिशय वाईट वाटलं, आणि ते त्यांच्या जाण्याइतकंच माझ्या कानांविषयी होतं.

दुसऱ्या दिवशी फोनवर अर्थातच ती लगेच सापडली. स्वयंपाक करताना लावली. अहिर भैरव सुरू झाला, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, कुणाचा तरी फोन आला, मध्येच जाहिरात लागली, आणि पहाडी संपल्या संपल्या त्या अ‍ॅपने आपल्या मनाने कुठलंतरी ‘झोपेसाठी बासरी’ सुरू केलं. आठवडाभर असंच चाललं. रेकॉर्ड माझ्या बाजूने वाहून जात होती आणि मी तिथे नव्हते.

त्याच सुमारास आमचा वाडा विकसकाकडे गेला. माळ्यावरच्या सामानाचे खोके ताईने आणि मी वाटून घेतले आणि त्यात कॅसेटींची पत्र्याची पेटी निघाली. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ तिच्यात होती. डबीचं झाकण तडकलेलं, आतल्या कागदावर ताईच्या अक्षरात आमच्या दोघींची नावं. मी ठरवलं की ही कॅसेट वाजती करायची. एक बाजू संपली की खटकन थांबेल आणि उठून पालटावी लागेल, असं काहीतरी मला हवं होतं.

जुना डेक खोक्यातच होता. प्लग लावल्यावर दिवा लागला, चक्र मात्र फिरेना. कोथरूडमध्ये विचारलं तर एकाने सरळ सांगितलं की भंगारात द्या. मग बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली. पुण्यात वायरी, ट्रान्झिस्टर, स्पीकर, रिमोट, जे काही विजेवर चालतं त्याचे सुटे भाग मिळण्याची ही जागा. एका दुकानदाराने वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं. अरुंद लाकडी जिना चढून गेलं की एक टेबल, एक भिंग लावलेला दिवा, आणि सत्तरीचे एक काका. त्यांनी डेक उघडला आणि कापसाने आतून काळं डांबर पुसून काढावं तसं काहीतरी काढायला लागले.

“हा बेल्ट,” ते म्हणाले. “रबर आहे, वर्षं झाली की वितळतं. मोटर ठणठणीत आहे तुमची. हेडही झिजलेलं नाही.”

“म्हणजे होईल?”

“होईल की. बेल्ट बसवतो, रोलर साफ करतो. कॅसेट आणलीय का?”

कॅसेट त्यांनी उजेडात धरून पाहिली. टेपच्या मागे, तांब्याच्या पट्टीवर, फेल्टचा बारीक चौकोनी तुकडा असतो. टेप हेडला, म्हणजे ती वाचणाऱ्या भागाला, नीट टेकलेली राहावी म्हणून तो मागून दाबून धरतो. माझ्या कॅसेटीतला तो तुकडा गळून पडला होता. तो नसेल तर आवाज दबका आणि हेलकावे खाणारा येतो, वरचे स्वर तर जवळजवळ जातातच. काका म्हणाले, कुठलीही टाकाऊ कॅसेट आणा, त्यातला काढून बसवू. मी रविवारी जुन्या बाजारात गेले. तिथे जमिनीवर पसरलेल्या ढिगातून वीस रुपयांत भजनांची एक कॅसेट उचलली. काकांनी चिमट्याने त्यातली पट्टी काढून माझ्या कॅसेटीत बसवली. स्क्रू लावायच्या आधी मेणाच्या कागदाचे दोन पापुद्रे नीट सरळ केले. इतकं हळुवार काम माणूस उभा राहून पाहतोच.

आणि मग ती गोष्ट झाली जिच्यामुळे हा सगळा खटाटोप पुढे गेला.

नवा बेल्ट बसवून त्यांनी कॅसेट लावली. आवाज आला. इतक्या वर्षांनी त्या टेपमधून आवाज आला याचंच मला भरून आलं होतं, तरी कुठेतरी खटकत होतं. संतूर जड वाटत होतं. मी म्हटलं, “काका, हे खाली बोलतंय.”

“स्पीड कमी असेल.” मोटरच्या मागे एक बारीक भोक असतं आणि आत एक स्क्रू. तो फिरवला की वेग कमी-जास्त होतो. वेग घसरला की स्वरही घसरतो. खरंतर ठरावीक स्वर भरलेली चाचणीची टेप लावून हे करतात, पण ती त्यांच्याकडे आता राहिलेली नव्हती. ते म्हणाले, “फोनवर आहे का हेच? लावा.”

मी फोनवर तोच अहिर भैरव लावला. एकीकडे फोन, एकीकडे डेक. फोन थांबवायचा, डेक ऐकायचा. डेक थांबवायचा, फोन ऐकायचा. काका बारीक पेचकसाने केसभर फिरवायचे आणि माझ्याकडे बघायचे.

“अजून खाली आहे.”

केसभर.

“अजून थोडं. हां... नाही, आता वर गेलं.”

किती वेळ गेला कोण जाणे. खाली गल्लीत हातगाड्यांचा आणि हॉर्नचा गोंधळ चालू होता आणि मी डोळे मिटून फक्त एक ‘सा’ धरून बसले होते. दोन्हींचा षड्ज एक झाला तो क्षण मला आतून कळला. काकांनाही माझ्या चेहऱ्यावरून कळला असावा, कारण मी काही म्हणायच्या आत त्यांनी पेचकस खाली ठेवला. “झालं ना? आता हात नका लावू कुणी.”

वर्षानुवर्षांत मी एका स्वराकडे इतकं लक्ष दिलं नव्हतं.

घरी आणून लावली. जुनी टेप शांततेतही बोलत असते. गुंडाळीत एकावर एक बसलेल्या थरांचा चुंबकीय ठसा शेजारच्या थरावर उमटतो, त्यामुळे पहिला स्वर यायच्या आधी त्याचीच अगदी पुसट सावली ऐकू येते. ती ऐकली आणि मला वाड्याची मागची खोली दिसली. पण खरं सांगायचं तर पहिले काही दिवस एवढंच होत राहिलं. खोली दिसायची, आई दिसायची, भाजीचं ताट दिसायचं. मी आठवणी ऐकत होते. पहिली बाजू संपेपर्यंत मन वाड्यातून निघून बँकेत आणि तिथून मुलाच्या परीक्षेपर्यंत जाऊन यायचं. जुनं काही सापडलं की ते आपोआप पुन्हा आवडायला लागेल अशी माझी समजूत होती, आणि तसं होत नव्हतं.

वाट दाखवली ती शेजारच्या काकूंनी. त्या पूर्वी पेटी शिकवायच्या, आता गुडघ्यांमुळे घरीच असतात. त्यांना मी सांगितलं की लक्षच लागत नाही. त्या म्हणाल्या, “अगं, सगळी एकदम कशाला ऐकतेस? मेंढपाळाचा दिवस आहे ना तो? मग दिवसासारखाच ऐक. पहाटेचं पहाटे, रात्रीचं रात्री. आणि एका वेळी एकच.”

तेवढ्या एका वाक्याने सगळं बदललं. मी पहाटे उठून अहिर भैरव लावायला लागले. फोन दुसऱ्या खोलीत. दिवा लावायचा नाही. कोथरूडच्या आमच्या खिडकीतून म्हातोबाच्या टेकडीची कड दिसते. दुधाच्या गाड्या सुरू झालेल्या असतात, टेकडीवर जाणाऱ्यांचे आवाज येतात, कोकीळ असतोच. त्या आवाजांच्या मागे तो राग अगदी घरच्यासारखा बसतो.

तिथेच मला पहिल्यांदा कळलं की एका जागी उजेड बदलतो. अहिर भैरवातून नटभैरव सुरू होतो तिथे. लहानपणी मला ते एकच वाटायचं. आता दर वेळी त्याच ठिकाणी अंगावर काहीतरी यायचं, पण काय ते समजेना. काकूंकडे गेले. त्यांनी पेटी ओढली आणि म्हणाल्या, “म्हण माझ्याबरोबर. अहिर भैरव. सा, कोमल रे, ग, म, प, ध, कोमल नी. आता थांब. नटभैरव. रे शुद्ध कर. ध कोमल कर. नी शुद्ध कर.”

ग, म, प आहेत तिथेच आणि दोन्हीकडचे तीनही स्वर पालटतात. कोमल म्हणजे थोडा खाली उतरलेला स्वर, शुद्ध म्हणजे मूळ जागेवरचा. कोमल होते ते शुद्ध होतात, शुद्ध होता तो कोमल होतो. हे बेसूर गळ्याने का होईना पण स्वतः म्हणून पाहिलं, पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कॅसेट लावली. अंगावर काटा आला. अहिर भैरवातला कोमल रिषभ, म्हणजे रे, अजून झोपेत असतो, हळवा असतो. नटभैरवात तोच रिषभ शुद्ध होऊन येतो आणि सूर्य वर आलेला असतो. पण धैवत, म्हणजे ध, मात्र कोमल झालेला, म्हणजे त्या उन्हातही कुठेतरी दुखरं आहे. मेंढपाळाच्या सकाळीविषयी यापेक्षा जास्त कुणी काय सांगणार! शब्द एकही नाही.

रागाचं व्याकरण माहीत नसतानाही आनंद मिळतो हे मला मान्य आहे, मला तो अकरावीत भरपूर मिळाला. पण ‘समजलं की गंमत जाते’ असं जे म्हणतात ते मात्र मला अजिबात पटत नाही. तीन स्वर कुठे फिरतात हे कळल्यापासून तो क्षण माझ्यासाठी दुप्पट झालाय. मी त्याची वाट बघते.

आणि मग एका पहाटे गिटार ऐकू आली.

मी सवयीने बासरीच्या मागे चालले होते. बासरी थांबली, आणि नेहमी तिथे माझं लक्ष सुटायचं तसं सुटलं नाही. तो स्वर गिटारने उचलला होता. हातातला कप मी तसाच धरून ठेवला. हा माणूस इतकी वर्षं इथेच वाजवत होता आणि मी त्याला ओलांडून बासरीकडे धावत होते.

त्यानंतर मला या तिन्ही वाद्यांची गोष्टच वेगळी दिसायला लागली. संतूरवर आघात असतो. अक्रोडाच्या लाकडाच्या दोन हलक्या काड्यांनी तारांवर टोला दिला की स्वर उमटतो आणि विरत जातो. शंभराच्या आसपास तारा आहेत, पण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं, मींड घ्यायची, तर मार्ग नाही. सूफियाना मौसिकीतलं, म्हणजे काश्मीरच्या सूफी संगीतातलं, हे वाद्य शिवकुमारांनी रागसंगीतात आणलं तेव्हा याच कारणावरून त्यांच्यावर टीका झाली. १९५५ साली मुंबईत त्यांनी पहिल्यांदा जाहीर वाजवलं तेव्हाही जाणकारांमध्ये दोन तट होते. त्यांनी वाद्यात बदल केले, ते स्टँडवरून मांडीवर घेतलं, काड्या तारेवर हलकेच घासत नेऊन स्वर लांबवायची युक्ती शोधली. बासरी याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. तिथे टोला नाहीच, श्वास आहे, आणि श्वास असेपर्यंत स्वर सलग राहतो, वाकतो, वळतो.

गिटार या दोघांच्या मधोमध बसते. काबरा ती आडवी घेऊन डाव्या हातातल्या धातूच्या कांडीने तारेवर घसरत जातात. उजव्या हाताचा आघात संतूरसारखा, पण त्यानंतर स्वर बासरीसारखा चालत राहतो. संतूरचं म्हणणं ती उचलते आणि बासरीच्या हातात देते. हे ऐकू यायला लागल्यावर ही रेकॉर्ड तिघांची झाली. काबरा मूळचे जोधपूरचे, उस्ताद अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. म्हणजे गिटार हातात असली तरी तालीम सरोदीयाची. सरोदवरही पडदे नसतात, बोट पत्र्यावर घसरत जातं. हे वाचलं आणि त्या मींडेचं घराणं मला कळल्यासारखं झालं. काबरा २०१८ साली गेले. त्यांच्याविषयी फार थोडं बोललं जातं, आणि ही गोष्ट मला मनापासून लागते. शिव-हरी म्हणून दोघांची जोडी पुढे ‘सिलसिला’, ‘चांदनी’मुळे घराघरात गेली, ती योग्यच. पण या रेकॉर्डमधून काबरांना काढलंत तर उरलेले दोघं एकमेकांशी बोलू शकणार नाहीत.

आणखी एक गोष्ट कळली, ती पुण्यातल्या माझ्यासारखीला फार जवळची. या रेकॉर्डच्या मागे एचएमव्हीतले जी. एन. जोशी होते. तेच ते, ज्यांनी ना. घ. देशपांड्यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ गाऊन मराठी भावगीताला वाट करून दिली. आजी दळण निवडताना ते गाणं म्हणायची. रानातल्या शीळेचं गाणं गाणारा माणूस तीस-पस्तीस वर्षांनी मेंढपाळाचा दिवस ध्वनिमुद्रित करून घेतो, हे मला योगायोगापेक्षा जास्त वाटतं. ताईला फोन करून सांगितलं तर ती काही क्षण गप्पच झाली.

पिलूबद्दल फार लिहीत नाही. दुपारी मी बँकेत असते, त्यामुळे तो सुट्टीच्या दिवशीच वेळेवर ऐकता येतो, आणि तो गोड आहे.

भूप मात्र ठाण मांडून बसला. सा रे ग प ध, पाचच स्वर, कुठल्याही गाण्याच्या क्लासात पहिल्या काही रागांमध्ये शिकवतात तो. सोपा म्हणून मी दुर्लक्ष करत होते. काकूंनी विचारलं, “ताल कोणता आहे?” मला सांगता येईना. दहा मात्रांचा झपताल. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दोन, तीन, दोन, तीन. दिवेलागणीला त्यांच्या घरी बसून आम्ही दोघी मांडीवर टाळी देत ऐकायचो. आधी मी तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात सुटायचे आणि कुठेतरी भलत्याच ठिकाणी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, धरायचे. मग हळूहळू टाळी टिकायला लागली. टाळी टिकली तशी समेच्या आधीची ओढ जाणवायला लागली. तिघांपैकी जो कोणी वाजवत असेल तो लांब फिरून येतोय, आता येणार, आता... आणि आला. पोपटकरांचा तबला त्या जागी काय करतो हे पाहण्यासाठी मी ती बाजू किती वेळा लावली असेल! कुठेही दाखवायला म्हणून वाजवत नाहीत. तिघांना उभं राहायला जमीन देतात.

देससाठी पावसाची वाट बघितली. जुलैत पुण्याची झड लागली की चार-चार दिवस ऊन नाही. रात्री जेवणं आटोपली की खिडकी किलकिली ठेवून देस. वर जाताना शुद्ध निषाद, म्हणजे नी, आणि खाली येताना कोमल निषाद, हे आता मला कुणी सांगावं लागलं नाही, मी स्वतः शोधलं आणि काकूंना जाऊन पेटीवर दाखवलं. त्यांनी पाठ थोपटली. आकाशवाणीवर सकाळी लागणारं ‘वंदे मातरम्’ देसमध्ये आहे हे माहीत होतं, पण ते ‘आहे’ म्हणजे काय, हे त्या रात्री कळलं. दुसऱ्या दिवशी रेडिओवर ते ऐकताना मला कोमल निषाद समोर दिसत होता.

यानंतर कान इतर गोष्टींकडेही जायला लागला. शिवकुमारांचं एकल वादन ऐकलं, तासभराचे आलाप ऐकायची तयारी झाली. कुमार गंधर्व, किशोरीताई पुन्हा लागल्या. डिसेंबरात ताईबरोबर सवाईला गेले. आता तो मुकुंदनगरला भरतो आणि ध्वनिमर्यादेमुळे रात्र सहसा दहाला संपते. पहाटेच्या बैठकांची मला सारखी आठवण येत होती आणि ती येणारच. पण खुर्चीत बसल्यावर पहिल्या गायकाने मारवा सुरू केला, आणि पंचम, म्हणजे प, कुठे आहे म्हणून मी शोधत राहिले, तो येतच नाही हे कळलं तेव्हा ताईचा हात दाबला. ती म्हणाली, “अगं, ओळखलास?” ओळखला होता.

फोनवर आता ऐकत नाही असं नाही. बसमध्ये ऐकते. पण ज्याच्याकडे नीट लक्ष द्यायचंय ते घरी, एका वेळी एकच, आणि हातात काम न घेता. मुलगा सुरुवातीला विचारायचा, “आई, बरी आहेस ना? नुसती बसलीयेस.” आता तोही कधीकधी येऊन बसतो. त्याला संतूर आवडतं. काड्या किती वेगाने चालतात हे त्याला मोजायचं असतं, मोजू दे.

तपकीर गल्लीतल्या काकांकडे वर्षातून एकदा डेक नेते. हेड साफ करून घेते आणि जुन्या बाजारात मिळालेल्या एक-दोन कॅसेटींचे पॅड बदलून घेते. ताईने तिच्या वाट्याच्या खोक्यातल्याही आणून दिल्यात.

पहाडीवर मात्र आमचं दोघींचं अजून जमलेलं नाही. ताई म्हणते पहाडी बासरीची, दिवसभर भटकून मेंढपाळ घरी आलाय आणि तोच वाजवतोय, त्यात दुसरं ऐकायचंच काय. मी म्हणते गिटारकडे कान लावून बघ, त्याची वाट बघणारं कोणीतरी तिथे उत्तर देतंय. ती पुढच्या रविवारी येणार आहे. दुसरी बाजू लावून, जेवणानंतर, रात्रीच्या वेळेलाच ऐकायचं ठरलंय.